पिकअप ट्रकची सस्पेन्शन लिफ्ट

सस्पेन्शन लिफ्ट म्हणजे वाहनाच्या सस्पेन्शनमधील काही भाग बदलून किंवा त्यांत नवे भाग घालून वाहनाची चौकट चाकांच्या तुलनेत वर उचलणे. त्यासाठी लागणाऱ्या सुट्या भागांच्या संचाला लिफ्ट किट म्हणतात. हा फेरबदल मुख्यतः पिकअप ट्रक आणि जीपसारख्या वाहनांवर केला जातो. तो अमेरिकेत सर्वाधिक रूढ आहे. तेथे अनेक वाहनमालक कार्यशाळेत न जाता घरच्या गॅरेजमध्येच हे काम करतात. दोन ते तीन इंचांपर्यंतची लिफ्ट घरी बसविता येते, परंतु त्यानंतरचे चाकांचे कोन जुळविण्याचे काम यंत्राशिवाय होत नाही. मोठ्या उंचीच्या किटसाठी मूळ चौकटीत कापकाम वा जोडकाम करावे लागते. ते घरगुती कामाच्या कक्षेबाहेरचे आहे.

## संज्ञा

'सस्पेन्शन' या शब्दाला तांत्रिक परिभाषेत 'निलंबन' असा पर्याय आहे. मात्र सर्वसामान्य मराठीत निलंबन म्हणजे एखाद्याला नोकरीवरून तात्पुरते दूर करणे, हाच अर्थ पक्का रुळला असल्याने वाहनाच्या संदर्भात तो शब्द वापरला तर वाचकाचा गोंधळ होतो. म्हणून या लेखात सस्पेन्शन हाच शब्द ठेवला आहे. याउलट लीफ स्प्रिंगसाठी मराठीत 'कमान पाटा' हा उत्तम शब्द आहे. महाराष्ट्रातील महामार्गांलगतच्या दुकानांच्या पाट्यांवर तो सर्रास दिसतो. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान असे त्या भागाचे नेमके वर्णन त्यात आले आहे. शॉक ॲब्सॉर्बरला कारागीर 'शॉकअप' म्हणतात.

## पार्श्वभूमी

आरंभीच्या चार चाकी चालन असलेल्या पिकअपना पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड आस असे आणि दोन्ही आसांवर कमान पाटे असत. अशा वाहनाची उंची वाढवणे तुलनेने सोपे होते. जास्त बाक असलेले पाटे बसवले आणि लांब शॉकअप लावले की बहुतेक काम उरकत असे. शेते, जंगले आणि वाळवंटी वाटा येथे जाणाऱ्या वाहनांना मोठी चाके बसावीत हा त्यामागचा मूळ हेतू होता. १९६७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात सुरू झालेल्या वाळवंटी शर्यतीने अशा वाहनांविषयीचे आकर्षण वाढविले. बॉब चँडलर यांनी १९७४ सालच्या फोर्ड एफ-२५० या पिकअपवर एकामागून एक फेरबदल करून 'बिगफूट' हे अजस्र वाहन घडविले. १९८१ मध्ये ते जुन्या मोटारींवरून चालविले गेले, आणि पुढे 'मॉन्स्टर ट्रक' या करमणुकीच्या प्रकाराला त्यातून चालना मिळाली.

आइसलंडमध्ये याच तंत्राला वेगळ्या गरजेतून वळण मिळाले. तेथे मऊ बर्फावर न रुतता चालण्यासाठी अतिरुंद टायर अत्यल्प हवेवर वापरतात आणि ते मावावेत म्हणून वाहन उंच करतात. अशा रीतीने तयार केलेल्या टोयोटा हायलक्सने २००७ मध्ये एका ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी चुंबकीय उत्तर ध्रुवाच्या दिशेने प्रवास केला होता.

तांत्रिक दृष्टीने खरा बदल १९८०च्या दशकात झाला. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या चार चाकी चालनाच्या टोयोटा पिकअपला १९८६च्या आवृत्तीपासून, तर शेवरलेच्या पूर्ण आकाराच्या पिकअपला १९८८पासून पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आले. म्हणजे पुढची दोन चाके एका अखंड आसेने जोडलेली न राहता प्रत्येक चाक आपापल्या भुजांवर वरखाली होऊ लागले. यामुळे प्रवास सुखकर झाला, पण उंची वाढविण्याचे काम अवघड झाले. आजच्या बहुतेक पिकअपची रचना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे कमान पाट्यांवरील अखंड आस अशी आहे. पुढील विवेचन याच रचनेला धरून केले आहे.

## कार्यतत्त्व

लिफ्ट किटविषयी सर्वांत जास्त आढळणारा गैरसमज असा, की त्यामुळे संपूर्ण वाहन जमिनीपासून वर जाते. प्रत्यक्षात वर जाते ती चौकट आणि तिच्यावरील सर्व काही, म्हणजे केबिन, इंजिन आणि हौदा. मागची अखंड आस, तिच्या मध्यभागी असलेला डिफरन्शियलचा गोळा आणि चाके जेथे होती तेथेच राहतात. खडकाळ वाटेवर सर्वप्रथम अडकतो तो हा गोळाच, आणि सस्पेन्शन लिफ्टने तो एक मिलिमीटरही वर जात नाही. त्याची उंची फक्त मोठ्या व्यासाच्या टायरने वाढते आणि तीही व्यासातील वाढीच्या निम्मीच. उदाहरणार्थ, २६५/७० आर १७ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ८०३ मिमी, तर २८५/७० आर १७ चा सुमारे ८३१ मिमी भरतो. व्यास २८ मिमीने वाढला तरी आस केवळ १४ मिमी वर जाते. लिफ्टचा उपयोग असा, की तो मोठा टायर चाकाच्या कमानीला न घासता फिरू शकतो आणि चढावाच्या पायथ्याशी वाहनाचे नाक व माथ्यावर पोट टेकण्याची शक्यता कमी होते.

चौकट वर गेली आणि चाके खालीच राहिली, तर त्या दोहोंना जोडणारा प्रत्येक भाग तिरपा होतो किंवा ताणला जातो. पुढच्या चाकांना फिरविणारे अर्धदांडे, सुकाणूचे टाय रॉड, वरच्या भुजेचा बॉल जॉइंट, ब्रेकच्या रबरी नळ्या, चाकाच्या गतीसंवेदकाच्या तारा, मागे शक्ती नेणारा दंडगोल या सर्वांचे कोन निर्मात्याने मूळ उंची गृहीत धरून ठरविलेले असतात. म्हणूनच चांगल्या किटची ओळख ठोकळ्याच्या जाडीवरून होत नाही. बिघडलेले कोन पुन्हा जागेवर आणणारे किती भाग त्यात दिले आहेत, हे पाहिले पाहिजे. स्वस्त आणि महाग किटमधील फरकही मुख्यतः येथेच असतो.

## प्रकार

पुढच्या बाजूसाठी घरगुती कामात तीन मार्ग आढळतात. पहिला म्हणजे स्ट्रटच्या डोक्यावर बसणारा ठोकळा. स्ट्रट म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप यांची एकत्र कांडी. ती खालच्या भुजेवर चाकापासून बरीच आत बसविलेली असते, त्यामुळे ठोकळा एक इंचाचा असला तरी चाकाच्या ठिकाणी उंची जवळजवळ दोन इंच वाढते. प्रथमच काम करणारे 'दोन इंचांच्या किटमध्ये एकच इंचाचा ठोकळा कसा' म्हणून विक्रेत्याकडे तक्रार करतात, त्याचे उत्तर या तरफेच्या गणितात आहे. हा मार्ग स्वस्त आहे आणि त्यात स्प्रिंग उघडावी लागत नाही. दोष असा, की संपूर्ण कांडी खाली सरकल्याने चाक पूर्वीपेक्षा अधिक खाली लोंबू शकते आणि पूर्ण लोंबलेल्या स्थितीत बॉल जॉइंट व अर्धदांड्याचे सांधे आपल्या कोनमर्यादेच्या टोकाला जातात.

दुसरा मार्ग ठोकळा स्प्रिंगच्या वर, कांडीच्या आत घालण्याचा. यात कांडीची कमाल लांबी बदलत नाही, म्हणून सांध्यांवर अतिरिक्त ताण येत नाही. परंतु चाकाला खाली जाण्यासाठी उरलेली जागा घटते आणि खड्ड्यातून जाताना कांडी टोकाला आपटते. यामुळे स्प्रिंग 'कडक' होते असे सर्रास म्हटले जाते, ते बरोबर नाही. एकसारख्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगचा ताठरपणा दाबून बसविल्याने बदलत नाही. जाणवतो तो आपटण्याचा धक्का. तिसरा मार्ग म्हणजे अधिक लांबीची नवी कांडी आणि सोबत वेगळ्या कोनाची वरची भुजा. तो सर्वांत खर्चिक आहे आणि सर्वांत समाधानकारकही.

मागच्या बाजूला आस आणि कमान पाटा यांच्यामध्ये ठोकळा घालणे, पाट्यांच्या गठ्ठ्यात जादा पाटा घालणे, पाट्याच्या टोकाची कडी लांब बसविणे किंवा पाटेच बदलणे असे पर्याय असतात. ठोकळा जितका उंच, तितका तो तरफेसारखा काम करतो. जोराने वेग घेताना आस गिरकी घेऊ पाहते, पाटे पिळवटतात आणि चाके थरथरतात. एकावर एक दोन ठोकळे रचणे धोक्याचे आहे. वाहनाला मुळात ठोकळा असेल तर तो काढून त्या जागी एकच, एकसंध आणि योग्य उंचीचा ठोकळा बसवावा लागतो. पुढच्या अखंड आसेवर ठोकळा बसविणे तर पूर्णतः त्याज्य मानले जाते, कारण ब्रेक लावताना सर्वाधिक जोर तेथेच येतो.

केवळ पुढची बाजू दोन इंच उचलणाऱ्या संचाला 'लेव्हलिंग किट' म्हणतात. रिकामा पिकअप मागून थोडा उंच दिसतो, तो काही घडणीतला दोष नव्हे. हौद्यात माल भरल्यावर मागचे पाटे दबून वाहन समपातळीत यावे म्हणून तो तसा ठेवलेला असतो. हा उतार काढून टाकल्यावर माल भरला की वाहनाचे नाक वर जाते आणि दिवे समोरच्या चालकाच्या डोळ्यांत शिरतात.

चार ते सहा इंचांच्या किटमध्ये पुढचे डिफरन्शियल आणि खालच्या भुजांचे आधार खाली आणणारे कंस असतात. ते बसविताना अनेक वाहनांत मूळ आडवी दांडी कापावी लागते. 'बॉडी लिफ्ट' हा प्रकार याहून भिन्न आहे. त्यात सस्पेन्शनला हात न लावता केबिन आणि चौकट यांच्यामध्ये ठोकळे घालतात.

## पूर्वतयारी

काम सपाट, टणक आणि कोरड्या फरशीवर करावे. माती, खडी किंवा उन्हाने मऊ झालेले डांबर यांवर जॅक खचतो. या कामातील सर्वांत गंभीर अपघात वाहन अंगावर कोसळण्याचा असतो. तो टाळण्याचा नियम एकच आहे आणि त्याला अपवाद नाही. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. हायड्रॉलिक जॅकमधील तेल एका लहानशा रबरी कड्याच्या भरवशावर अडलेले असते. चौकट उचलली की ती वाहनाच्या वजनाला पुरेशा क्षमतेच्या जॅक स्टँडवर टेकवावी, स्टँडची खीळ नीट बसल्याची खात्री करावी आणि खाली शिरण्यापूर्वी वाहन बाजूने हलवून पाहावे. विटा, सिमेंटचे पोकळ ठोकळे किंवा लाकडाचे तुकडे आधारासाठी वापरू नयेत. पोकळ ठोकळा भाराखाली पूर्वसूचना न देता फुटतो. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावाव्यात. मागची बाजू उचलल्यावर हातब्रेकचा काही उपयोग उरत नाही, कारण तो मागच्याच चाकांवर चालतो.

हत्यारांत पाने आणि सॉकेट यांखेरीज टॉर्क रेंच अनिवार्य आहे. अमेरिकी किटमधील आकडे फूट-पाउंडांत, तर अनेक वाहनांच्या दुरुस्ती पुस्तिकांतील आकडे न्यूटन-मीटरमध्ये असतात. १ फूट-पाउंड म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर. १०० फूट-पाउंडांनी आवळायचा बोल्ट १०० न्यूटन-मीटरवर सोडला तर तो सव्वीस टक्क्यांहून अधिक सैल राहतो. बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकले जाते अशा प्रदेशांत बोल्ट गंजून जाम झालेले असतात. तेथे आदल्या दिवशीच गंज सोडविणारे तेल मारून ठेवणे श्रेयस्कर. वाहनाच्या चारही चाकांच्या केंद्रापासून कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर सुरुवातीलाच मोजून लिहून ठेवावे. काम संपल्यावर नेमकी किती उंची वाढली आणि दोन्ही बाजू सारख्या आहेत का, हे सांगणारा तेवढाच पुरावा असतो.

मदतनीस असल्यास काम सोपे जाते. दोन जणांना साधारणपणे एक पूर्ण दिवस लागतो.

## पुढील बाजूचे काम

येथे स्ट्रटच्या डोक्यावर बसणाऱ्या ठोकळ्याची कृती दिली आहे. चाकाच्या नटांची पकड वाहन जमिनीवर असतानाच सैल करतात, मग चौकट उचलून स्टँडवर टेकवितात आणि चाके काढतात. दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या अँटी-रोल दांड्याच्या कड्या प्रथम दोन्हीकडून सोडवाव्या लागतात. एकच सोडली तर दांडा पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि दुसरी बाजू हाती घेताना अंगावर उसळतो. त्यानंतर ब्रेकच्या नळीचा आणि गतीसंवेदकाच्या तारेचा कंस मोकळा करतात. नळीवर भार येऊ देऊ नये. ब्रेकचा कॅलिपर काढावा लागलाच तर तो तारेने चौकटीला टांगून ठेवावा, नळीवर लोंबकळत सोडू नये.

वरच्या बॉल जॉइंटचा नट पूर्ण काढण्याऐवजी काही आटे तसेच ठेवून सैल करतात आणि मगच सांधा सोडवितात, म्हणजे सुटल्याबरोबर भुजा झटक्याने उडत नाही. सांधा सुटल्यावर चाकाचा नकल बाहेरच्या बाजूला कलंडतो. त्याला जॅकचा किंवा दोरीचा आधार द्यावा, अन्यथा अर्धदांड्याचा आतला सांधा निखळतो आणि एका दिवसाचे काम आठवड्यावर जाते. आता खालचा बोल्ट आणि वरचे नट काढले की कांडी बाहेर येते. बहुतेक वाहनांत वर तीन नट असतात.

कांडीच्या अगदी मध्यभागी असलेला मोठा नट मात्र कोणत्याही परिस्थितीत सैल करू नये. तोच दाबलेली स्प्रिंग धरून ठेवतो. स्प्रिंग आधी आवळून न घेता तो काढला तर वरची टोपी प्राणघातक वेगाने उडते. आतला ठोकळा बसविण्यासाठी हा नट काढणे अपरिहार्य असते. त्याकरिता स्प्रिंग आवळणारे यंत्र लागते. बाजारात भाड्याने मिळणारी दोन आकड्यांची साधी यंत्रे पिकअपच्या जाड स्प्रिंगवर सरकू शकतात. म्हणून आतल्या ठोकळ्याचा मार्ग निवडला असल्यास कांड्या काढून कार्यशाळेत न्याव्यात, तेथे भिंतीला वा ओट्याला पक्क्या बसविलेल्या यंत्रावर ठोकळे घालून घ्यावेत आणि घरी आणून पुन्हा बसवाव्यात. एवढा एक टप्पा बाहेर सोपविल्याने घरच्या कामाला कोणताही कमीपणा येत नाही.

वरचा ठोकळा बसविणे सोपे आहे. मात्र कांडीची मूळ दिशा काढण्यापूर्वी खूण करून ठेवावी, कारण काही ठोकळे कांडीची टोपी फिरलेल्या स्थितीत धरतात. कांडी परत घालताना खालची भुजा बरीच खाली दाबावी लागते. सर्व बोल्ट प्रथम हाताने फिरवून बसवितात. बॉल जॉइंटचा नट लगेच ठरलेल्या मापाने आवळतात. रबरी बुश असलेले बोल्ट मात्र या टप्प्यावर पूर्ण आवळत नाहीत, त्याचे कारण पुढे दिले आहे.

डिफरन्शियल खाली आणणारे लहान ठोकळे किटमध्ये असतील तर ते याच वेळी बसवितात. त्यांमुळे अर्धदांड्यांचा कोन थोडा सौम्य होतो.

## मागील बाजूचे काम

मागे चौकट स्टँडवर आणि आस स्वतंत्र जॅकवर घेतात. शॉकअपचे खालचे बोल्ट काढून एका वेळी एकाच बाजूचे यू-बोल्ट सोडवावेत. दोन्ही बाजू एकदम सोडल्या तर आस जॅकवर डगमगते आणि घरंगळू शकते. आस हळूहळू खाली उतरवीत असता ब्रेकची नळी, हातब्रेकची तार आणि डिफरन्शियलची श्वासनळी यांकडे लक्ष ठेवावे. यांपैकी एखादी ताणली गेली तर तेथेच थांबून तिचा कंस सैल करावा.

नव्या ठोकळ्याच्या एका बाजूला खुंटी आणि दुसऱ्या बाजूला छिद्र असते. खुंटी आसेवरील छिद्रात आणि कमान पाट्याचा मध्यबोल्ट ठोकळ्याच्या छिद्रात पूर्ण उतरला आहे, हे बोटाने चाचपून पाहावे. तो कडेवर टेकून राहिला तरी यू-बोल्ट आवळता येतात, आणि पुढे रस्त्यावर ठोकळा जागचा हलल्यास मागची आस तिरकी होते. निमुळता ठोकळा असेल तर सामान्यतः जाड बाजू मागे येते. त्यामुळे डिफरन्शियलचे तोंड किंचित वर होऊन दंडगोलाचा कोन जुळतो.

यू-बोल्ट नवेच वापरावेत. आवळताना ते ताणले जातात आणि एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाही. चार नट कोपऱ्यातून कोपऱ्यात असे फुली काढत, थोडे थोडे करून आवळतात, जेणेकरून खालची पट्टी सर्व बाजूंनी सारखी बसते. दंडगोल दोन तुकड्यांचा असल्यास मधल्या बेअरिंगला खाली आणणारा लहान ठोकळाही लागू शकतो. तो न घातल्यास थांब्यावरून निघताना वाहनाला थरथर येते.

## जमिनीवर उतरविल्यानंतर

वाहन चाकांवर उतरवून पुढे-मागे थोडे हलविले की सस्पेन्शन आपल्या नव्या उंचीवर स्थिरावते. बुश असलेले बोल्ट आता आवळायचे. बुशमधील रबर आतल्या व बाहेरच्या पोलादी नळीला चिकटविलेले असते आणि ते घसरत नाही, पिळले जाते. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला तर रबराची विश्रांतीची स्थिती तीच ठरते. मग वाहन जमिनीवर असताना ते कायम पिळलेले राहते, आणि काही महिन्यांत फाटते. छापील सूचनांत ही ओळ बहुधा असते, पण दिवसअखेरीच्या घाईत ती सर्वाधिक वगळली जाते.

यानंतर सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून नळ्या व तारा कोठे ताणल्या किंवा घासल्या जात नाहीत, हे तपासतात. पुढची चाके पुन्हा एकदा उचलून, ती पूर्ण लोंबलेली असताना हीच तपासणी करावी. जमिनीवर मोकळी दिसणारी नळी खड्ड्यात चाक लोंबल्यावर ताणली जाऊ शकते.

व्हील अलाइनमेंट टाळता येत नाही. उंची वाढल्यावर टाय रॉड तिरपे होऊन दोन चाकांच्या तोंडांचा मेळ बिघडतो, चाकांचा माथा किंचित बाहेर झुकतो आणि कॅस्टर घटतो. कॅस्टर म्हणजे सुकाणूच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन. सायकलचा पुढचा दांडा असाच तिरपा असतो, म्हणून ती हात सोडला तरी काही अंतर सरळ जाते. हा कोन कमी झाला की वळणानंतर सुकाणू आपणहून सरळ होत नाही आणि महामार्गावर वाहन भरकटल्यासारखे चालते. काही वाहनांत मूळ भुजांच्या समायोजनाने तो भरून निघत नाही. अशा वेळी वेगळ्या कोनाच्या वरच्या भुजा बसवाव्या लागतात. घरी दोरी बांधून चाकांच्या तोंडांचा मेळ कामचलाऊ जुळविता येतो, तो कार्यशाळेपर्यंत हळू जाण्यापुरता.

नव्या वाहनांत सुकाणूच्या कोनाचा संवेदक शून्यावर आणणे आणि समोरच्या काचेमागील कॅमेऱ्याचे पुनर्मापन करणेही आवश्यक असते. अमेरिकेत २०१२च्या आवृत्तीपासून सर्व हलक्या वाहनांना इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण सक्तीचे आहे. ही यंत्रणा सुकाणूचा कोन आणि चाकांचा वेग यांची तुलना करून ब्रेक लावते, त्यामुळे तिला मिळणारी माहिती चुकीची असेल तर ती भलत्या वेळी हस्तक्षेप करते. पुढचे दिवे खाली वळवून पुन्हा लावून घ्यावेत. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर आणि पुन्हा सुमारे आठशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि चाकांचे नट यांची पकड तपासतात.

## परिणाम

उलटण्याचा धोका हा सर्वांत गंभीर परिणाम होय. अमेरिकेची राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा संस्था २००१च्या आवृत्तीपासून वाहनांच्या उलटण्याविषयीचे मानांकन देते. त्यासाठी वापरला जाणारा स्थैर्यांक म्हणजे दोन चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागून येणारी संख्या. समजा, एका पिकअपच्या चाकांमधील अंतर १७० सेंमी आणि गुरुत्वमध्याची उंची ७५ सेंमी आहे. त्याचा स्थैर्यांक १.१३ येतो. लिफ्ट आणि मोठे टायर यांमुळे गुरुत्वमध्य ९ सेंमी वर गेला तर तो १.०१ होतो. संख्येतील फरक लहान वाटला, तरी मुळातच मोटारीच्या तुलनेत हा अंक कमी असलेल्या वाहनासाठी ही घट मोठी आहे. अचानक आडव्या आलेल्या जनावराला चुकविताना चालकाला ती जाणवते.

मोठ्या टायरमुळे वेगमापक प्रत्यक्षाहून कमी वेग दाखवितो. वर दिलेल्या दोन मापांच्या बाबतीत काटा १०० दाखवीत असताना खरा वेग सुमारे १०३.५ किलोमीटर असतो. ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर आणि इंधनाचा वापर दोन्ही वाढतात. भारक्षमता मात्र वाढत नाही. वाहन उंच दिसते म्हणून ते अधिक वजन पेलेल असे नाही, कारण आस, बेअरिंग, ब्रेक आणि चौकट तीच असतात.

रस्त्यावरील इतरांचाही येथे विचार करावा लागतो. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ज्यांच्या बॉनेटची उंची ४० इंचांहून, म्हणजे सुमारे १०२ सेंमीहून अधिक आहे अशा वाहनांच्या धडकेत पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता ३० इंच वा त्याहून कमी उंचीच्या, उतरत्या बॉनेटच्या वाहनांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त आढळली. पूर्ण आकाराचे अनेक पिकअप कारखान्यातूनच या उंचीच्या आसपास बाहेर पडतात. लिफ्टने त्यात भर पडते, आणि नाकासमोर उभे असलेले लहान मूल चालकाच्या नजरेआड जाते.

## कायदेशीर स्थिती

अमेरिकेत वाहन किती उंच करावे यावर मालकासाठी एकच संघीय मर्यादा नाही. वाहनातील सुरक्षा उपकरणे निकामी करण्यास मनाई करणारा संघीय कायदा उत्पादक, विक्रेते आणि दुरुस्ती व्यावसायिक यांना लागू होतो, स्वतःच्या वाहनावर स्वतः काम करणाऱ्या मालकाला नाही. राज्यांचे नियम मात्र भिन्न आहेत. कोठे बंपरची उंची मोजतात, कोठे चौकटीची, कोठे वाहनाच्या वजनगटानुसार मर्यादा बदलते. पुढची बाजू खूप उंच आणि मागची खाली ठेवण्याच्या 'कॅरोलायना स्क्वॉट' या प्रकाराला नॉर्थ कॅरोलायनाने १ डिसेंबर २०२१ पासून आळा घातला. तेथे पुढची कमान मागच्या कमानीपेक्षा चार इंच किंवा अधिक उंच असणे बेकायदेशीर आहे. इतर काही राज्यांनीही नंतर असेच कायदे केले. १९७५च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यामुळे केवळ बाहेरचा भाग बसविला एवढ्याच कारणाने संपूर्ण वॉरंटी नाकारता येत नाही. मात्र त्या भागामुळेच बिघाड झाला असेल तर तो खर्च मालकाचा.

भारतात स्थिती पूर्णपणे वेगळी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा फेरबदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या तरतुदीचा अर्थ कठोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये भारतात आलेला टोयोटा हायलक्स यांच्या मालकांमध्ये लिफ्ट किटविषयी कुतूहल असले, तरी विकत मिळणारी वस्तू रस्त्यावर वापरण्यास कायदेशीर असतेच असे नाही.

महाराष्ट्रात पिकअप हे प्रामुख्याने मालवाहू वाहन आहे. ऊस, कांदा, भाजीपाला किंवा बांधकामाचे साहित्य नेणारे मालक कमान पाट्याच्या दुकानात जाऊन जादा पाटा घालून घेतात. तंत्र लिफ्ट किटमधील जाद्या पाट्याचेच, पण हेतू उंचीचा नसून मागची बाजू भाराखाली दबू नये हा असतो. नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेले वजन त्यामुळे बदलत नाही. पाटा बसून गेल्यावर तो बदलणे ही दुरुस्ती झाली, आणि मूळ संख्येपेक्षा अधिक पाटे घालणे हा फेरबदल. योग्यता प्रमाणपत्राच्या तपासणीत, म्हणजे बोलीभाषेतील 'पासिंग'च्या वेळी, अधिकाऱ्यासमोर हाच भेद निर्णायक ठरू शकतो.